माझी पाठ कापली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. विलायतेतल्या श्रॉपशरच्या टेकड्यांत थ्वेट कुटुंबाच्या घरी माझे आयुष्य गेले. मला घडवले ते लांबच्या प्रवासासाठी. दोन दारे, लांब नाक, आणि छपरापासून मागच्या दिव्यांपर्यंत एकाच रेषेत उतरत गेलेली पाठ. ऑब्री थ्वेट यांनी मला तरुणपणी घेतले आणि म्युरियलबाईंना शेजारी बसवून आल्प्स ओलांडून थेट समुद्रापर्यंत नेले. पेट्रोल भरायला थांबलो की माणसे माझ्या मागे जाऊन उभी राहत. मला ते आवडायचे.

मग वये झाली. ऑब्री शनिवारी शिकारीला जाऊ लागले आणि पडलेले पक्षी शोधून आणायला ब्रॅम्बल ही काळी लॅब्राडोर कुत्री घरात आली. तरुण होती तोवर ती पुढच्या सीटवरून उडी मारून मागे जाई. पुढे तिचे पाय आखडले. उचलायला गेले की गुरगुरे, आणि ऑब्रींच्या कमरेतही तिला उचलायचे बळ उरले नव्हते. तिला घरी सोडून जाणे त्यांना जमेना. दुसरी गाडी ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी मला विकायचे ठरवले. एक गिऱ्हाईक मला बघूनही गेले.

त्या संध्याकाळी चहा ओतताना म्युरियलबाई म्हणाल्या, "हिची पाठ कापून उभी करून घे ना. मागे दार लाव. कुत्री चालत आत जाईल."

"ती पाठ कापायची?"

"गाडी चालवताना तू पाठीकडे बघतोस का?"

उभ्या पाठीच्या, मागे दार असलेल्या अशा गाडीला आमच्याकडे शूटिंग ब्रेक म्हणतात. ते काम ईनॉक टॅन्सली हे कारागीर करत; ऑब्रींनी मला त्यांच्याकडे सोपवले. त्यांनी माझे छप्पर मागून कापले आणि ॲश झाडाच्या चिवट लाकडाचा सांगाडा बसवायला घेतला. छप्पर कापले की मोटारीचे अंग सैल पडते, म्हणून आतून लोखंडी पट्ट्या जोडून ते जखडून ठेवतात. सांगाडा आत घेण्यासाठी ईनॉकनी त्या पट्ट्या थोड्या वेळापुरत्या काढल्या होत्या. नेमके तेव्हाच थ्वेट दांपत्य ब्रॅम्बलला घेऊन मला बघायला आले.

बायको गाडीजवळ आली की दार उघडायचे, ही ऑब्रींची जन्माची सवय. त्यांनी उघडले. आता नाही कसे म्हणायचे, म्हणून बाई आत बसल्या. मी मधोमध खचले. दार पुन्हा चौकटीत बसेना.

ईनॉकचा चेहरा उतरला. "साहेब, दार सोडा. बाई, तुम्ही हलू नका."

ऑब्रींनी माफी मागितली. ईनॉकनी पट्ट्या काढल्याबद्दल उलट त्यांची मागितली. ऑब्रींनी पुन्हा मागितली.

"तुमचं दोघांचं झालं असेल तर सांगा," म्युरियलबाई आतून म्हणाल्या, "ही वाचणार का?"

"माहीत नाही, बाई," ईनॉक म्हणाले.

बाईंना हळूच उतरवून त्यांनी माझ्या पोटाखाली जॅक लावला आणि मला केसाकेसाने वर घेतले. दुपार टळून गेली. दार बसले. पण ईनॉक खूश दिसेनात. एका बाईच्या वजनाने ही वाकते, तर कुत्री आणि बंदुका चढल्यावर काय होईल, असे ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या दोन्ही कडांना खालून पोलादी तुळया जोडल्या, थ्वेट दांपत्याला ब्रॅम्बलसह पुन्हा बोलावून तिघांनाही आत बसवले, दारे उघडून-लावून पाहिली आणि मगच वरचे काम पुरे केले. त्या दिवशी ब्रॅम्बल मागे टेकवलेल्या फळीवरून चालत वर आली आणि झोपूनच गेली.

पुढे ब्रॅम्बल गेली. काही वर्षांनी ऑब्रीही गेले. आता म्युरियलबाई मला चालवतात आणि मागे दुसरी कुत्री असते. मागच्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत एक गृहस्थ माझ्याभोवती फिरून हळहळले, "किती देखणी पाठ होती हो हिची."

"फार देखणी होती," बाई म्हणाल्या. "पण तिच्यात म्हातारी कुत्री चढत नव्हती."

तेव्हा मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. जुन्या वस्तूला चादरीखाली ठेवू नका, कामाला जुंपा. आणि ओले कुत्रे उतरले की मागचे लाकूड तेवढे पुसा. ते आतून कुजते, आणि बाहेरून मुळीच दिसत नाही.