तुफानची शेपटी आणि महाराजांची घोडी

त्या गुरुवारी पूर्णा गावातल्या आमच्या गोदामाच्या गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे गादीवर नजरतोड महाराज बसले होते आणि त्यांच्यासमोर आमचा शर्यतीचा बैल, तुफान, पाठमोरा उभा केला होता. लोकांना दर्शन त्याच्या तोंडाचं नव्हे, शेपटीचं घ्यायचं होतं!

मध्यंतरी त्या शेपटीचा गोंडा पार झडला होता. आता तिथे काळेभोर नवे केस फुटले होते.

"देखो भक्तांनो!" महाराज गरजले. "बैलाला रोग नव्हता, नजर होती! घरातल्याच एका पांढऱ्या कपाळाची नजर! ती हटली, शेपटी नटली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या ह्यांच्या, म्हणजे केसरीनाथच्या. मला संतापाने रडू येत होतं, कारण ते पांढरं कपाळ माझ्या नणंदेचं, आक्काचं होतं.

आक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली. ह्यांना तिनेच कडेवर खेळवलं आणि तुफानलाही तिनेच वाढवलं. शेतं गोदामांखाली गेली. हिरवं म्हणून उरली ती कुंपणाकडेची सुबाभूळ. शर्यती जवळ आल्या तसा आक्काने पेंढा बंद केला आणि रोज पहाटे सुबाभळीचा कोवळा पाला निवडून तुफानला पोटभर घालू लागली. थोड्याच दिवसांत गोंडा झडला. महाराजांनी आक्काकडे बोट दाखवलं आणि ह्यांनी सख्ख्या बहिणीला शेलार गावी मावसभावाकडे धाडलं. आमच्या मुलीची, पूर्वीची, हळद तोंडावर आली होती. "हळदीलाही ती बाई नको," असं महाराजांनी फर्मावलं होतं.

मी भांडले. "नुसतं बघून केस झडत असते, तर तुमचं टक्कल माझ्यामुळे पडलं म्हणायचं का?"

"मग आक्का गेल्यावर बैलाचे केस आले कशे, सांग!"



आक्का गेली तसं पहाटे विळा घेऊन जाणारं कोणी उरलं नाही. तुफान विकतच्या पेंढ्यावर आला. पुढे महाराजांनी आमच्याकडेच मुक्काम ठोकला. त्यांच्या पांढऱ्या घोडीसाठी मात्र आमचे हे स्वतः कुंपणावर चढायचे. "सेवा हाय ही," म्हणायचे आणि तिच्यापुढे सुबाभळीचे भारेच्या भारे टाकायचे.

तर त्या गुरुवारी दर्शन आटोपलं. मिरवणूक निघायची होती. महाराजांनी घोडीवर चढायला आयाळ धरली आणि आयाळ मुठीत घेऊनच ते जमिनीवर बसले! कोणीतरी घोडीला सावरायला शेपटी धरली, तर तिचेही केस हातात आले.

गाळ्यात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या सीताबाईंनी सरळ विचारलं, "महाराज, हिला कुणाची नजर लागली? आक्का तर शेलारला हाय. तिनं ही घोडी बगलीच न्हाय!"

"दुष्ट शक्तींचा उलटा वार आहे!" महाराज म्हणाले. मग ह्यांच्या कानात हळूच पुटपुटले, "जनावरांचा डॉक्टर मिळेल का?"

मी ते ऐकलं, पण फोन मी आधीच फिरवला होता!

जनावरांची डॉक्टर अफीफा भिवंडीहून आली. तिने घोडीचं तोंड पाहिलं, मान चाचपली आणि विचारलं, "काय खायला देता हिला?"

"निस्ती सुबाभूळ! कोवली!" हे छाती फुगवून म्हणाले.

"आणि बैलाचा गोंडा झडला तेव्हा तो काय खात होता, काका?"

ह्यांची छाती हळूहळू खाली बसली. "त्योच पाला."

"आणि आता?"

"पेंढा."

"मग झालं!" अफीफा लोकांकडे वळली. "सुबाभूळ चांगला चारा आहे, प्रथिनं भरपूर. पण तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या पाल्यात जास्त. एकदम तीच ती घातली की केस झडतात, जनावर खंगतं. बैलाला पेंढ्यात मिसळून, सवय लावत, फार तर पाव हिस्सा द्या. घोडीला नकोच. चारा बदलला, म्हणून बैलाचे केस आले. आक्कांचा काय संबंध?"

"हे तर आम्ही अंतर्ज्ञानाने केव्हाच…" महाराज सावरू लागले.

"मंग सोताच्या घोडीला कसं चारू दिलंव?" सीताबाई म्हणाल्या आणि गाळा हसण्याने दणाणला. महाराज घोडीचा दोर धरून पायीच निघून गेले.

आम्ही तडक शेलारला गेलो. आक्का ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. अंगणात मावसभावाच्या शेळ्या बांधल्या होत्या.

"अशी का गं बसलीस?" ह्यांनी विचारलं.

"त्यांना माजी नजर लागंल रं."

आमचे हे तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. मीही रडले. सगळी हकिगत ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हंजे माज्या डोल्यांत काय न्हाय ना?"

पूर्वीला पहिली हळद आक्काने लावली. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली, पण जेवून गेले.

आता माझं सांगणं. सुबाभूळ तोडू नका, मिसळून घाला. आणि जनावराला काही झालं, तर कोणी पाहिलं हे विचारण्याआधी त्याने काय खाल्लं ते विचारा. एवढा एक प्रश्न आम्ही वेळेवर विचारला असता, तर एक म्हातारी बाई शेळ्यांकडे पाठ करून बसली नसती.