पहिल्या फेरीतली तीन मिनिटं

मी फुटबॉल क्लबची बस चालवतो. अकरा वर्षं झाली. खेळाडूंना मैदानावर न्यायचं, हरले की गुपचूप परत आणायचं आणि जिंकले तर त्यांची बेसूर गाणी ऐकत आणायचं. गाणी फारशी ऐकावी लागली नाहीत. कपच्या स्पर्धेत हरला तो बाहेर, आणि आम्ही दरवर्षी दुसऱ्या फेरीपर्यंत बाहेर पडलेले असायचो.

माझा मुलगा याच क्लबच्या राखीव संघात होता. वय बावीस, डाव्या बाजूचा बचावपटू, पळायला लागला की कुणाच्या हाती न लागणारा. मुख्य संघात कुणी आजारी पडलं की त्याला बाकावर बसवायचे. बसवायचे एवढंच. मैदानात तो एकदाही उतरला नव्हता.

या मोसमाच्या पहिल्या फेरीला माझा मेहुणा आला. त्याचं टायरचं दुकान आहे, आणि तोंडही तसंच, कायम हवा भरलेलं. शेजारी बसून त्याने सगळा सामना भाच्याकडे बघत काढला. शेवटची दहा मिनिटं उरली, आम्ही चार गोलांनी पुढे, आणि पोरगा अजून बाकावरच.

"भावजी," तो म्हणाला, "याला बसायचा पगार मिळतो का? मग आमच्या दुकानात काय वाईट आहे? तिथे निदान खुर्चीला पाठ आहे."

आजूबाजूचे चार जण हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तसाच पायऱ्या उतरलो आणि बाकाच्या मागे जाऊन कोचना हाक मारली. मुलगा तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात इतरांबरोबर अंग मोकळं करत होता, त्याची पाठ होती आमच्याकडे.

"सर, दोन मिनिटं तरी उतरवा त्याला. अकरा वर्षांत काही मागितलं नाही मी."

"आज नको," कोच म्हणाले. "लीगच्या सामन्यात उतरवतो, जमेल तेव्हा. कपमध्ये एकदा मैदानात पाय ठेवला, की या मोसमात दुसऱ्या कुठल्या क्लबकडून कपमध्ये खेळता येत नाही. बाकावर बसलेला चालतो, उतरलेला नाही. त्याच्याबद्दल मोठ्या क्लबची माणसं चौकशी करून गेलीत."

मी हसलो. खरंच हसलो.

"त्याला कोण घेतंय, सर!"

कोच म्हणाले, "बाप तू आहेस. पण नंतर मला बोलायचं नाही."

मुलगा तीन मिनिटं खेळला. चेंडू दोनदा त्याच्याकडे आला, त्यातल्या एका वेळी त्याने तो हातानेच आत फेकला, कारण तो रेषेबाहेर गेला होता. मेहुण्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी असा काही ऐटीत बसलो होतो, की जणू चारही गोल मीच मारले होते. पुढच्या फेरीत आम्ही सहा गोल खाल्ले आणि घरी आलो.

थंडीत मोठ्या क्लबचा फोन आला.

त्यांच्या ऑफिसात मी मुलाबरोबर गेलो. काचेचं टेबल, त्यावर तीन वर्षांचा करार, आणि समोर एक व्यवस्थापक, इतका नीटनेटका, की मी माझे बूट टेबलाखाली जरा मागे घेतले. तो एकेक प्रश्न विचारत फॉर्म भरत होता. जन्मतारीख. उंची. जुनी दुखापत. मग म्हणाला, "या मोसमात कपमध्ये कुणाकडून खेळलायस का?"

"हो!" मुलगा म्हणाला. केवढा आनंद होता त्या आवाजात. "पहिल्या फेरीत. तीन मिनिटं."

व्यवस्थापकाने पेनाला टोपण लावलं.

"बाकावर बसला होतास असं कळलं होतं आम्हाला."

"नाही, नाही. उतरलो होतो."

मग त्या माणसाने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. लीगचा संघ ठरलेला होता. नव्यांना ते कपमध्ये उतरवून बघायचे, जमलं तर ठेवायचे. याला कपमध्ये उतरवताच येणार नव्हतं, मग बघायचं कुठे? तो आत गेला, कुणाशी तरी बोलून आला. तीन वर्षांचा करार उचलला आणि दुसरा ठेवला. मोसम संपेपर्यंत, पाच महिने. मी काचेतून माझ्या बुटांकडे बघत बसलो.

"पाच महिने पुष्कळ झाले, बाबा," जिना उतरताना मुलगा म्हणाला.

पाच महिने त्याने फक्त सराव केला. त्याच आठवड्यात त्यांनी डाव्या बाजूला आणखी एकाला घेतलं होतं, जरा जडच गडी, वळायला वेळ लावणारा. पण तो कपमध्ये खेळू शकत होता. चौथी फेरी जिंकले, तो खेळला. पाचवी जिंकले, तो खेळला. उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या पासवर गोल झाला आणि पेपरात फोटो आला. मी रोज मनात म्हणायचो, हरा रे एकदाचे. ज्या क्लबचा कोट माझा मुलगा अभिमानाने घालत होता, त्या क्लबच्या वाईटावर मी टपलो होतो. ते काही हरले नाहीत.

इकडे आमचे कोच मला एक शब्द बोलले नाहीत. पूर्वी ते माझ्या मागच्याच सीटवर बसायचे, रस्ताभर गप्पा मारायचे. हल्ली मागे पाचव्या रांगेत बसतात. आरशात दिसतात, एवढंच.

अंतिम सामना आम्ही घरी टीव्हीवर बघितला. मेहुणाही आला होता. एकदा कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि आमचा मुलगा दिसला, कोट घातलेला, टाळ्या वाजवणारा.

"किती बारीक झालाय," बायको म्हणाली.

"ताई, पण याला उतरवत का नाहीत?" मेहुण्याने विचारलं.

"अरे, त्या जुन्या कोचने नको तेव्हा उतरवलं ना याला! तीन मिनिटांसाठी. काय नडलं होतं त्या माणसाचं, देव जाणे."

मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

ते जिंकले. दहाव्या दिवशी मुलाच्या हातात पत्र पडलं, करार वाढवत नाही म्हणून. त्याने सात क्लबना फोन केले. प्रत्येकाने विचारलं, मुख्य संघातून किती सामने? तो म्हणायचा, एक. किती मिनिटं? मग पुढचं बोलणं आटोपशीर व्हायचं. आमच्या क्लबमध्ये त्याची जागा केव्हाच भरली होती. मी विचारायलाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

मी त्याला आणायला गाडी घेऊन गेलो. दोन बॅगा, बुटांची एक पिशवी, बस्स. परतीचा रस्ता तीन तासांचा, लख्ख ऊन होतं. मी ठरवलंच होतं, आज सांगून टाकायचं. त्याने शिव्या द्याव्यात, गाडीतून उतरून जावं, आईला सांगावं. माझ्या छातीवरचा धोंडा तरी उतरेल. स्वार्थच तो, दुसरं काय. दोनदा तोंड उघडलं, दोनदा पुढे ट्रक आला.

"मामांच्या दुकानात सोमवारपासून जातो," तोच म्हणाला. "बोललो मी त्यांच्याशी."

"ऐक," मी म्हणालो. "त्या पहिल्या फेरीचं मला तुझ्याशी..."

"आई सरांना उगाच बोलते, बाबा. तुम्ही तिला समजवा." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "मला राग नाही त्यांचा. सहा वर्षं राखीव संघात होतो. रोज वाटायचं, आपण आहोत हे यांना माहीत तरी आहे का? आणि त्या दिवशी बाकावर सात जण होतो. सातांतून त्यांनी माझंच नाव घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती, चार गोलांनी पुढे होतो आपण. तरी त्यांना वाटलं, याला उतरवू या." तो थोडा हसला. "बाकी काही झालं नाही माझं. पण तेवढं तर झालं ना?"

मी गियर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"काय सांगत होतात तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणालो. "हेच, की सरांची नजर चांगली आहे."

त्याने मान डोलवली आणि खिडकीची काच खाली केली. पुढचे दोन तास मी नीट गाडी चालवली.