माप बसून घ्यायचं असतं

बस डेपोच्या भांडाराचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे स्टोअरसाहेब म्हणत. टायर, ऑइल, दिव्यांचे बल्ब, झाडू आणि कर्मचाऱ्यांचे गणवेश, यांतली एकही वस्तू गेल्या बावीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय खिडकीबाहेर पडली नव्हती. असा हा सह्याजीराव माणूस घरी मात्र एका सहीसाठी आठवडाभर टाळाटाळ करत होता.

ती सही हवी होती मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर. मुलीला घरात चिमटी म्हणत, कारण रांगत होती तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याचा कपडा चिमटीत धरून बघायची तिला खोड. बारावीला चांगले शहाऐंशी टक्के मिळवून पोरीने फॅशन डिझाईनला जायचं म्हटलं, तेव्हा स्टोअरसाहेबांनी कपाळाला हात लावला. ती इंजिनिअर होणार हे त्यांनी तिच्या पहिलीपासून ठरवून टाकलं होतं. आईने मध्ये पडून एका वर्षाची मुदत मिळवून दिली. ते वर्ष आता संपलं होतं. शुक्रवारी चारच्या आत पालकांची सही पोचली तर दुसरं वर्ष, नाही तर कॉलेज बंद.

डेपोत तर साहेबांनी वेगळाच सूर लावला होता. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं, की "इंजिनिअरिंगला आहे" म्हणून मोकळे. "कुठल्या शाखेला?" असं विचारणारा भेटलाच, तर "कापडाच्या" असं पुटपुटून ते फाइलीत डोकं घालत. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटंसुद्धा अर्धवटच बोलतो, त्यातली गत.

बुधवारी संध्याकाळी ते घरी आले ते हसतच.

"अगं, ऐकलंस का? आमच्या नव्या ड्रायव्हरबाईंनी बस दिव्याच्या खांबावर नेऊन घातली! नशीब, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कारण काय देतात माहितेय? म्हणे शर्ट आडवा आला!"

"शर्ट?" आईने चहा गाळता गाळता विचारलं.

"हो ना! म्हणे वळणावर चाक पूर्ण फिरवताना शर्ट पाठीत ताणला आणि हात अर्ध्यातच अडकला. अख्खा डेपो हसतोय. परवा चौकशी आहे. गणवेश मापाचा दिला होता का, म्हणून माझ्याकडे लेखी मागितलंय. होय लिहायचं की झालं. बाईंना गाडीवरून काढून तिकिटाच्या खिडकीत बसवतील."

चिमटी टेबलापाशी कागदाचे साचे कापत होती. ती हसली नाही. कात्री खाली ठेवून म्हणाली, "बाबा, त्यांचं माप उभं राहून घेतलं होतं की बसून?"

"माप कसलं घ्यायचंय? नऊ बायका भरती झाल्या. मी ऑर्डरवर लिहिलं, नऊ जणी, साइज लहान. पुरुषांच्या गणवेशात लहान साइज असतेच की."

"म्हणजे नऊच्या नऊ जणी लहान?"

"अगं, सरासरी धरायची असते!"

"बाबा, पहिल्याच महिन्यात आमच्या मॅडमनी आम्हाला एकमेकांची मापं घेऊन शर्ट शिवायला लावले. सगळ्यांचे झकास बसले. आम्ही फोटोबिटो काढले. मग मॅडम म्हणाल्या, आता हेच घालून दिवसभर काम करा. कुणाला वरच्या फळीवरून पेट्या काढायला लावल्या, कुणाला फरशी पुसायला, कुणाला खुर्चीत बसून टाइप करायला. दुपारपर्यंत वर्गात नुसता टराटरा आवाज! माझा तर दोन्ही काखांत उसवला. मॅडम म्हणाल्या, पोरांनो, तुम्ही पुतळ्याचं माप घेतलंत. माणूस काम करताना मोजायचा असतो."

"पुरे," साहेब म्हणाले. "यालाच मी शिक्षण म्हणत नाही. हे शिवणकाम झालं. त्याला कॉलेज कशाला?"

चिमटी वादात पडली नाही. "ड्रायव्हरबाईंचे खांदे कसे आहेत?" एवढंच तिने विचारलं.

"चांगले रुंद आहेत. आधी मालाच्या गाड्या भरायच्या त्या."

"मग तुम्ही तुमचा कामाचा शर्ट घाला आणि असे उभे राहा."

तिने शर्टाच्या पाठीत दोन्ही बाजूंनी चुण्या घेऊन टाचण्या लावल्या. साहेबांनी आरशात पाहिलं. शर्ट अंगाबरोबर बसला होता. त्यांना तर तो आधीपेक्षा बरा वाटला आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मग चिमटीने त्यांना खुर्चीत बसवलं, मोठ्या पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत दिलं आणि म्हणाली, "हे तुमचं चाक. आता डावीकडे पूर्ण वळवा. समोर खांब आहे!"

साहेबांनी हसत हसत झाकण फिरवलं. कोपर खांद्याच्या वर गेलं, पाठ आवळली, आणि झाकण अर्ध्यावर थांबलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. गळ्याखालचं एक बटण तुटलं आणि थेट आईच्या चहात पडलं. आईला हसू आवरेना. साहेबांचं हसू मात्र कुठल्या कुठे गेलं होतं.

आता आली का पंचाईत! 'होय' लिहावं तर एका बाईचं नुकसान, आणि खरं लिहावं तर साइजच्या त्या ऑर्डरखाली सही स्वतःचीच. मनातली टोचणी काही जाईना, म्हणून गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते डेपोच्या फाटकाशेजारच्या शिंपीकाकांकडे गेले. काकांचं तिथे एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि डोक्यावर पत्रा, एवढाच संसार. साहेबांच्या पँटीही तिथेच कमीजास्त व्हायच्या. साहेबांनी घरचा सगळा प्रकार काकांना सांगून टाकला आणि मग विचारलं, "बायकांचे गणवेश येतात का हो तुमच्याकडे?"

काकांनी हाताने मशीनचं चाक थांबवलं. "पकडायला आलात की विचारायला?"

"विचारायला."

"मग ऐका. आठ जणींचे येतात. चोरून, पिशवीत घालून. काखेत कळी, म्हणजे जादा कापडाचा तिकोनी तुकडा घालतो, पाठीत आतून दोन बोटांची पट्टी जोडतो. बाहेरून पत्ता लागत नाही. लागून चालणारच नाही ना! तुमचं फर्मान आहे फाटकावर, गणवेशात परस्पर फेरफार केल्यास कारवाई होईल म्हणून."

होतं खरं. ते परिपत्रक साहेबांनी स्वतः टाइप केलं होतं.

"आणि नववी?"

"तीच ती खांबवाली. किती सांगितलं तिला, बाई, आण इकडे, अर्ध्या तासाचं काम आहे. म्हणाली, काका, माझी नोकरी नवी, लेखी हुकूम मोडायचा नाही." काकांनी चष्मा काढला. "साहेब, आठ जणींनी तुमचा नियम मोडला म्हणून आठ गाड्या सरळ धावतायत. जिने पाळला तिलाच तुम्ही शिक्षा करायला निघालात!"

तरी हार कबूल करायचा साहेबांचा स्वभाव नव्हता. "पण काका, हे तुम्हाला कॉलेजात न जाता कळलंच ना? मग पोरीने त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची?"

"मला कळलं ते शर्ट बिघडल्यावर. एकेक शर्ट, एकेक बाई. हजार शर्ट कापायच्या आधी ते बिघडणार नाहीत याचा विचार करायला, तो कागदावर मांडायला आणि तुमच्यासारख्या साहेबांच्या गळी उतरवायला शिकलेलं माणूस लागतं. मी इथे तुमच्या नाकासमोर बसतो. मला कधी विचारलंत? काल मुलीने खुर्चीत बसवलं तेव्हा आज आलात."

काकांनी चष्मा पुन्हा चढवला.

"आणि एक विचारू? रागावू नका. पँट द्यायला येता तेव्हा मला काका म्हणता. मग पोरगी त्याच विद्येत चार पावलं पुढे जाते म्हटल्यावर ती चारचौघांत सांगायला लाज का वाटते? ती लाज नेमकी कुणाची? तिची, की माझी?"

एवढं विचारून काकांनी मशीन पुन्हा सुरू केलं. उठता उठता साहेब एवढंच म्हणाले, "गणवेश नीट व्हायला लागले तर तुमची आठ गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ द्या हो. जगात उसवलेलं काय कमी आहे?"

शुक्रवारी अकरा वाजता मॅनेजरांच्या खोलीत चौकशी भरली. ड्रायव्हरबाई इस्त्रीच्या गणवेशात ताठ बसल्या होत्या, पण हातरुमालाचा त्यांनी पार बोळा केला होता. भिंतीला टेकून दोन-तीन जण गालातल्या गालात हसत होते. मॅनेजरांनी विचारलं, "काय स्टोअरसाहेब, गणवेश मापाचा दिला होता ना?"

एका शब्दाचं तर उत्तर होतं! साहेब उभे राहिले.

"साहेब, गणवेश दिला होता. मापाचा नव्हता. आम्ही माप घेतलंच नव्हतं!"

मॅनेजर पुढे वाकले. "चूक कुणाची मग?"

"माझी. ऑर्डर माझी, फेरफार न करण्याचा नियमही माझाच. बाई खरं सांगतायत. खात्री करायची तर त्यांना आत्ता याच शर्टात गाडीत बसवून चाक फिरवायला सांगा."

मंडळी उठून आवारात गेली. ड्रायव्हरबाई उभ्या बसमध्ये चढल्या, सीटवर बसल्या आणि त्यांनी चाक पूर्ण वळवलं. किंवा वळवायला गेल्या, कारण हात मध्येच थबकला आणि पाठीवरची शिवण दोरीसारखी ताणली. सगळ्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता कुणीच हसलं नाही.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"मुलीने दाखवलं."

"हो, ती इंजिनिअरिंगला आहे, नाही का?"

"नाही साहेब." साहेबांचे कान लाल झाले, पण आवाज खणखणीत लागला. "मी सगळ्यांना खोटं सांगत होतो. माझी मुलगी फॅशन डिझाईन शिकते. उत्तम शिकते!"

ड्रायव्हरबाईंची गाडी त्यांच्याकडेच राहिली. साहेबांना लेखी समज मिळाली आणि ती त्यांनी मुकाट्याने घेतली. फाटकावरचं परिपत्रक त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तडक कॉलेज गाठलं.

ऑफिसच्या खिडकीशी चिमटी एकटीच उभी होती. फॉर्मवर पालक म्हणून वडिलांचं नाव होतं; त्याजागी आईची सही चालेल का, म्हणून ती क्लार्कशी हुज्जत घालत होती. मागून हात पुढे आला आणि पालकांच्या रकान्यात सही झाली.

"कोर्स बदलायचाय का?" क्लार्कने सवयीने विचारलं.

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. "आणि हो, हिच्या मॅडम कुठे बसतात? आमच्या नऊ ड्रायव्हरबाईंची मापं घ्यायचीत. बसून!"

चिमटीने बापाच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि मॅडमच्या खोलीपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या सोमवारी डेपोच्या आवारात एक रिकामी बस उभी राहिली. एकेक बाई चालकाच्या सीटवर बसत होती, हात लांब करत होती, मागे वळून पाहत होती. मॅडमच्या देखरेखीखाली चिमटी आणि तिच्या मैत्रिणी टेप लावून आकडे सांगत होत्या, आणि स्टोअरसाहेब ते लिहून घेत होते. पाठीच्या मापासाठी शिंपीकाकांनाही मुद्दाम बोलावलं होतं. दोनदा त्यांनी मुलींची चूक काढली आणि एकदा मॅडमची!

वाचकहो, आपल्या घरातलं एखादं मूल शाळा संपवून कापडाचं, मातीचं, लाकडाचं काही शिकायचं म्हणतं, तेव्हा आपणही नाक मुरडतो. त्या शिक्षणात डोकं लागत नाही, असं आपण धरूनच चालतो. पण सकाळपासून आपण जे अंगावर वागवतो, ज्यात बसतो, वाकतो, राबतो, ते कुणीतरी डोकं चालवून केलेलं असतं, आणि कुणी डोकं चालवलं नाही तर काय होतं ते तो दिव्याचा खांब सांगेल. तेव्हा मुलाने निवडलेल्या विद्येला हसण्याआधी एकदा त्याच्यासमोर बसा आणि तो काय शिकला ते दाखवायला सांगा. लाज वाटायचीच असेल तर ती न विचारल्याची वाटू द्या!