ही घरघर माझी नव्हे

मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. जुन्या पद्धतीचा, पोटात बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर बोललो ते दुसऱ्याचं. आज स्वतःचं सांगतो, कारण माझ्यावर आळ आला होता, आणि माझ्यापायी आणखी दोघांवर.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्या तारांना कथलाचा एकेक डाग दिला, जोड ओढून पाहिले आणि पाठ बंद केली. तेव्हापासून ती पाठ कुणी उघडू लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. तशी माणसंही मला बिचकूनच असतात. बटण बंद केलं तरी माझ्या पोटात बराच वेळ वीज दडून असते. त्यामुळे फिटंफाट.

पहिला मालक हॉटेलात वाजवायचा. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायचा. त्यांचे डाग अजून आहेत. पुढे मास्तरांनी मला विकत घेतलं. ते दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातल्या एका खोलीत गिटार शिकवतात. मला मऊ फडक्याने पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एकदा त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, मला तीन आठवड्यांसाठी मागितलं. त्याच्या बँडचा दौरा होता. मास्तरांनी दिलं, पण तोंड कडू करून. मी परत आलो त्याच संध्याकाळी त्यांनी गिटार जोडली, तर माझ्या तोंडून 'घर्रर्र'!

"आपटलंय ह्याला तुझ्या भावाने," मास्तर बायकोला म्हणाले.

"आपटताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? ऐकू येतंय की!"

"माझ्या माहेरचं माणूस म्हटलं की तुम्हाला आधी खोटच दिसते."

मेहुण्याला फोन झाला. "भाऊजी, मी काही नाही केलं," तो म्हणाला, पण आवाज जरा बारीक होता. मास्तरांनी तो बारीकपणा बरोबर टिपला. त्यानंतर मेहुण्याचं घरी येणं बंद झालं. बायको जेवताना गप्प बसू लागली. मला सगळं ठाऊक होतं, पण मला जोडलेल्या तारेतून जे येईल तेवढंच माझ्या तोंडून बाहेर पडतं.

शेवटी मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ताईंच्या दुकानात नेलं. त्यांनी पाठ उघडली, आधी पोटातली वीज काढून टाकली आणि सगळे जोड निरखून पाहिले. मग मला चालू करून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेक व्हॉल्व्ह हळूच ठोकून पाहिला. मी कान टवकारून बसलो होतो. न जाणो, काय काढून घेतील.

"हा एक व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा नवा आहे," त्या म्हणाल्या.

"बघा! सापडला चोर!" मास्तर उसळले.

"नवा आहे म्हणजे आवाज त्याचाच, असं नाही. ठणठणीत आहे तो." त्यांनी दुकानातली गिटार जोडून वाजवली. घरघर औषधालासुद्धा नव्हती.

घरी आणलं, मास्तरांनी आपली गिटार जोडली, आणि पुन्हा 'घर्रर्र'.

आता संशयाची सुई ताईंकडे फिरली. "दुकानात गप्प आणि घरी घरघर? काहीतरी काढून घेतलंय." मास्तरांनी बॅटरी लावून माझ्या पाठीच्या फटींतून डोकावून पाहिलं. मग बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक स्क्रूवर ठिपका दिला, पुन्हा कुणी उघडलं तर कळावं म्हणून. त्या लाल ठिपक्यांनी मला गोवर आल्यासारखं वाटत होतं.

बायकोने ताईंना घरी बोलावलं. त्यांनी ठिपके पाहिले, आणि त्या थेट कामाला लागल्या.

"गिटारची वायर काढा."

मास्तरांनी काढली. मी गप्प.

"म्हणजे घरघर ह्याच्या पोटातली नाही, बाहेरून येतेय. आता वायर लावा, आणि गिटार घेऊन जागच्या जागी फिरा."

"नाचू म्हणता?"

"सावकाश नाचा."

मास्तर फिरले. खिडकीकडे तोंड केलं तशी घरघर विरली. कोपऱ्याकडे वळले तशी वाढली. कोपऱ्यात एक उंच दिवा होता, बटण फिरवून उजेड कमी-जास्त करता येणारा. ताईंनी तो बंद केला. खोली इतकी शांत झाली की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

"ह्या दिव्याच्या बटणाची घरघर तुमची गिटार पकडते. कधी आणलात हा?"

मास्तर दिव्याची तार न्याहाळू लागले. बायकोनेच सांगितलं, "हा अ‍ॅम्प्लिफायर दौऱ्यावर होता तेव्हा. कोपरा रिकामा दिसतो म्हणून ह्यांनीच आणला."

मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. ताईंची माफी त्यांनी तिथेच मागितली, आणि त्या जायच्या आतच मेहुण्याला फोन लावला.

"माझं चुकलं रे. तुझ्यामुळे झालं नव्हतं ते."

 मग तो म्हणाला, "भाऊजी, तो अ‍ॅम्प्लिफायर जिन्यात माझ्या हातून सुटला होता. एक व्हॉल्व्ह फुटला. मी नवा बसवून घेतला. सांगायची हिंमत नाही झाली."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.  

"पायावर तर नाही ना पडला?" मास्तरांनी विचारलं.

"पडला. अंगठ्याचं नख गेलं."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, गाढवा! उद्या ये. आणि बूट घालून ये."

आता तो दिवा जेवणाच्या खोलीत आहे आणि मेहुणा दर आठवड्याला येतो. माझं वय झालंय. व्हॉल्व्ह मंदावलेत, तापायला वेळ लागतो. एवढीच विनंती करतो: घरघर ऐकू आली तर पाठ उघडण्याआधी वायर काढून बघा, आणि माणसावर आळ घेण्याआधी त्याला नीट विचारा. अर्थात मास्तरांना आता हे सांगायची गरज नाही. काल मेहुण्याने मला सरकवायला हात पुढे केला, तेव्हा मास्तर पटकन उठले आणि म्हणाले, "थांब, दोघं मिळून उचलू."