पुढं ठेवलेलं घड्याळ

“उतरा की बिगीनं! काटा कुठं गेला बघा!” रेवणप्पानं ठेसनाच्या पायरीशी टांग्यातून ट्रंक ओढून काढली. भावजयीला, रत्नम्माला, उदगीरला नांदायला न्यायला तो आला होता. दोन वर्षं ती नांदेडात बापाकडं पडून. या खेपेला धाडली नाही तर लेकाचं दुसरं लगीन लावते, असा सासूचा निरोप होता.

रत्नम्माचा बाप बसवंत ठेसनावर घड्याळाला चावी द्यायच्या कामाला होता. तो हसला. “दम धरा पाव्हणं. ते घड्याळ माझं हाय. च्या घ्या.”

ठेसनाच्या कपाळावरच्या त्या घड्याळाला पितळी वेल, वेलीवर मोर, आणि चावी बसवंतच्या कमरेला. लोक गाडी चुकवतात म्हणून निजामाच्या कुण्या जुन्या साहेबानं ते पाव तास पुढं ठेवायला लावलेलं. गाव लगेच शहाणं झालं. तेवढा वेळ वजा करून येऊ लागलं. वर शिव्या बसवंतलाच. बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा एकच: “मामा, खरा टाइम बोला.” जीव विटून गेला होता त्याचा.

“तुमचं घड्याळ तुम्हालाच लखलाभ,” रेवणप्पा फणफणला. “मी जागा धरतो. या मागनं.” तो आत गेला.

“लई घाईचा बाई!” कस्तुराबाईनं पायरीवरच लेकीची ओटी भरायला घेतली. “बस गं रत्ने. बापाचं घड्याळ हाय.”

बसवंतची बशी ओठाशी असतानाच शिट्टी झाली.

तिघं धावली. गाडी हलली होती. खिडकीतून रेवणप्पा ओरडत होता, “धाडायची नव्हती तर बलावलं कशापायी?”

“वक्ताआधी गाडी कशी सोडली?” बसवंत नव्यानं आलेल्या ठेसनमास्तरवर धावून गेला.

“वक्तावरच सोडली,” मास्तर खुशीत होता. “तुमची आज रजा, म्हणून सकाळी कचेरीतली दुसरी चावी घेऊन मीच वर चढून घड्याळ बरोबर केलं. फार दिवस चाललं हे थोतांड.”

बाहेर गाडी चुकलेले उतारू बसवंतच्याच नावानं बोटं मोडत होते.

“सारी हयात ते मेलं घड्याळ पुसलंत,” कस्तुराबाईचा आवाज फुटला, “अन् लेकीला एक गाडी घावली न्हाई!”

रत्नम्मानं ट्रंक डोक्यावर घेतली. बापानं हात पुढं केला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, ट्रंक परत खाली ठेवली. धावताना सुटून खांद्यावर आलेलं त्याचं पागोटं तिनं सगळ्यांदेखत नीट गुंडाळलं, टोक आत खोचलं.

“चला आता घरला,” ती म्हणाली.