बाईंचा दुसरा बेडका

लाम्पांगच्या आमच्या इस्पितळात डॉक्टर थानाकोर्न एकदा क्षय म्हणाले की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तो क्षयच. नाच शिकवणाऱ्या बुआकेओ बाईंच्या छातीचा फोटो पाहून त्यांनी दोनदा औषधं दिली. बाई वाळत गेल्या, खोकला तसाच. आता म्हणे हा औषधांना न जुमानणारा क्षय, आणखी कडक गोळ्या हव्यात. बाई घरामागच्या खोलीत वेगळ्या राहत होत्या. नात झाली ती त्यांनी खिडकीतूनच पाहिली.

मी इथली कनिष्ठ डॉक्टर, पण मला संताप आवरेना. बेडक्यात क्षयाचा जंतू कधी सापडलाच नव्हता. सापडणार कसा? लहानपणी मी बाईंकडे सोनेरी नखं लावून नाच शिकले. चारचौघांत खोकणं त्यांच्या लेखी असभ्यपणा; खोकणाऱ्या मुलीला त्या सरळ घरी पाठवत. तपासणीला त्या नुसती लाळ देत होत्या.

"अगं, बाईमाणसानं खाकरून थुंकायचं? लोक बसलेत."

"लोकांकडे मी बघते. तुम्ही पोटातून काढा."

मिठाच्या पाण्याची वाफ देऊन त्यांना खोलीत एकटं सोडलं. आतून असा आवाज आला की बाहेरचा टांगेवाला उठून उभा राहिला.

आठवड्यातच प्रयोगशाळेच्या बशीत जंतू उगवला. क्षयाचा इतक्या लवकर उगवत नाही. हा त्याचा भाऊबंद, माती-पाण्यात राहणारा.

थानाकोर्न हसले. "नळाच्या पाण्यातून आलेला कचरा आहे तो. एकदा उगवला तर कचरा."

"आणि दोनदा?"

"तर आजार. उगवू दे आधी."

नियम बरोबरच होता, म्हणून जास्त झोंबला.

"पुन्हा?" बाई म्हणाल्या. "अब्रू किती वेळा घालवायची गं?"

"नातीला मांडीवर घ्यायचंय ना?"

बाई उठल्या. अंगणात चिंचेखाली, रुग्णांच्या अख्ख्या रांगेदेखत, त्यांनी बाटली भरली.

बशीत पुन्हा तोच जंतू. थानाकोर्ननी बशी उजेडात धरून पाहिली. "क्षय नाही," ते म्हणाले आणि स्वतःच बाईंना सांगायला गेले. उपचार वर्षाहून लांब चालणार होते, सुयाही होत्या. पण हा आजार बाईंकडून नातीला लागण्यातला नव्हता.

मुलीनं, पिमनं, बाळ बाईंच्या मांडीवर ठेवलं. अनोळखी चेहरा पाहून पोरीनं भोकाड पसरलं. पिम घ्यायला वाकली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "रडू दे तिला. माझ्या मांडीवर रडतेय."