खाटबेटाचा पूल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी हेमलता जळगावहून धुळ्याला माहेरी आली, तेव्हा तिची आई भिकुबाई खाली बसून सांजोऱ्या लाटत होती. लेकीनं चप्पल काढायच्या आतच तिनं विचारलं, "डांगर आणं का व?"

हेमलतानं पिशवीतून खरबूज काढून तिच्यापुढे ठेवलं. भिकुबाईनं ते हातात घेऊन हुंगलं, दाबून पाहिलं आणि पाटाखाली सावलीत सरकवलं. वडील, अभिमननाना, गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्यांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरायची, त्या घागरीवर ठेवायचं ते डांगर.

घागर भरायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं भरायची, यावरच घोडं अडलं होतं. भिकुबाईला वाटत होतं, धुळ्यातल्या याच घरात भरावी. नाना पितर होऊन आले, तर सवयीनं याच दारात चपला काढतील. पण घरातला शेवटचा शब्द आबांचा. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. पारोळ्याला घर, शेती, आणि भाऊबंदांवर अशी हुकमत की त्यांनी खाकरून घसा साफ केला तरी पुतणे उभे राहत.

हेमलतानं त्यांना फोन लावला.

"आबा, घागर इथं धुळ्यातच भरली तर? आईला गाडी लागते. तिला पारोळ्याला येणं जमायचं नाही."

"तिले कोन ये सांगस? गोपाल भरी घागर." गोपाल हा आबांचा मुलगा.

"पण आबा, आईला ती भरताना बघायची आहे."

मग आबा हळू आवाजात म्हणाले, "पोरी, बठ्ठा पितर आठेच शेत. मन्हा बाप, मन्ही माय. अभिमन तठे एकटा काय करी? जल्मभर एकटा गाडी हाकत ऱ्हायना. आते बसू दे त्याले भाऊबंदसमा."

आबा हटून बसले असते तर भांडता आलं असतं.

भिकुबाईनं सगळं ऐकलं होतं. "बरोबर शे त्यास्नं," ती म्हणाली आणि पुढची सांजोरी कढईत सोडली. ती फुगली, फुटली, आतला रवा तेलात पसरला. भिकुबाईच्या हातून सांजोरी फुटलेली हेमलतानं कधी पाहिली नव्हती.

गाडी लागणं ही भिकुबाईची जुनी खोड होती. नवरा एसटीचा ड्रायव्हर, आणि बायकोला डिझेलच्या वासानंच मळमळायचं. लग्नाची वरात बैलगाडीतून आली होती, म्हणून निभावलं. पुढं एकदा कुणाच्या तरी लग्नाला टेम्पोतून पारोळ्याला गेली, ती परत येऊन अंथरुणालाच खिळली. त्यानंतर पारोळ्याचं नाव नाही. नाना म्हणायचे, "अख्खा खान्देश माझ्या गाडीत बसला, घरधनीण तेवढी बसली नाही. ड्रायव्हरच्या मागची खिडकी राखून ठेवलीय तिच्यासाठी. तिथं धक्के कमी बसतात." ती हसण्यावारी न्यायची.

संध्याकाळी पिठाचे हात धुऊन ती मागच्या पडवीत लाकडी खाटेवर येऊन बसली. शेजारी हेमलता. गल्लीत कुठंतरी झोका बांधला होता, माहेरवाशिणींची गाणी ऐकू येत होती.

"हेमा," भिकुबाई एकदम म्हणाली, "ते तुमनं बेट व्हतं ना, तठे मी व्हती का व?"

हेमलता दचकली. "तुला ठाऊक होतं?"

"नही कसं? या खाटवर बसीसन बापलेकी फिदीफिदी हसेत. माले चुल्हापायी ऐकू ये. पन त्यास्नी माले कधी सांगं नही. मी बी विचारं नही."

हेमलता लहान होती तेव्हा जिन्यावरून पडून तिची मांडी मोडली होती. कंबरेपर्यंत प्लास्टर, आणि सगळा उन्हाळा याच खाटेवर. नाना ड्यूटीवरून आले की पडवीच्या फरशीला समुद्र म्हणत, आणि खाटेला देश. खाटबेट. चार पायांवर उभं राहिलेलं, जगातलं सगळ्यात लहान राज्य. समुद्र नानांनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो त्यांना हवा तेवढा मोठा करता येत असे. खाटबेटाचे महाराज स्वतः नाना. खाकी शर्टावर टॉवेल टाकला की तो शेला. डेपोत साहेबाची बोलणी खाणारा, उशीर झाला की प्रवाशांच्या शिव्या ऐकणारा, आबांपुढे मान खाली घालणारा हा माणूस बेटावर पाय ठेवताच असा काही गरजायचा की शेजारची मांजर पळून जायची. महाराजांनी आज्ञा केल्याशिवाय तिथं सूर्य मावळत नसे. बेटावर कुणी कुणाला 'लवकर कर' म्हणायचं नाही, असा कायदा होता. कर म्हणून माणशी एक शेंगदाणा. आणि महाराजांच्या मागं राज्य राजकन्येचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

हे सगळं हेमलतानं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नाना गेल्यावर तर ते बेट तिचं एकटीचं उरलं. तिथं आणखी कुणाला येऊ द्यावं, असं तिला वाटत नव्हतं.

तिनं आईकडे पाहिलं. भिकुबाई खाटेच्या सुतळीतून बोट फिरवत होती, उत्तराची घाई नसल्यासारखी. बेटाचा कायदा ती न सांगता पाळत होती.

"तू बेटावर नव्हतीस आई," हेमलता म्हणाली.

"हं," भिकुबाई म्हणाली. "तेच म्हंतस मी."

"नव्हतीस, कारण तुला आणायला वाट नव्हती. मी म्हणायचे, महाराज, जहाज पाठवा. ते म्हणायचे, राणीला बोट लागते. मी म्हणायचे, मग विमान. तर म्हणे, तेही लागेल. मग महाराजांनी पूल बांधायला काढला. बेटापासून मुंबईच्या रस्त्यानं थेट आपल्या दारापर्यंत, राणी चालत यावी म्हणून. मला लढाया हव्या असायच्या, चाचे हवे असायचे. पण यांचं रोज तेच. आज पूल कसाऱ्याला आला. आज चांदवडचा घाट चढला. सगळा खजिना त्या पुलावर गेला. मी वैतागून जायचे."

भिकुबाईचं बोट थांबलं होतं. "मंग?"

"मग मालेगाव झालं. पुढं आर्वीपर्यंत आला. तेवढ्यात माझं प्लास्टर निघालं आणि मी खेळायला पळाले. पूल तिथंच राहिला."

"आर्वी?" भिकुबाई म्हणाली. "आर्वी म्हंजे आठेच ना व. एवढासाठी ऱ्हायना?"

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाशी गेला, आणि बराच वेळ तिथून हलला नाही. हेमलतानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर गाणी चालूच होती.

मग पदर खाली घेऊन भिकुबाईनं विचारलं, "आते राज कोनं शे तठे?"

"माझं."

"मंग बांध ना पुढला पूल. सकाय पारोळाले जानं शे."

सकाळच्या गाडीला माहेरवाशिणींची ही गर्दी. पण ड्रायव्हरच्या मागची खिडकी भिकुबाईला मिळाली. हेमलतानं कुणाच्या तरी हातापाया पडून ती मिळवली. भिकुबाईच्या मांडीवर डांगर, मुठीत लिंबू. गाडी सुरू झाली तसे तिनं डोळे गच्च मिटले.

"आर्वीहून आपल्या दारापर्यंत आला. आता पुढं," हेमलता तिच्या कानाशी म्हणाली. "दगड काळा लावलाय. कठडे दोन्ही बाजूंनी, तुझ्या कंबरेइतके."

"कठडाले हात लागस का?"

"लागतो. गार आहे."

फागणे गावापर्यंत कठडे झाले. पुढं हेमलतानं पुलावर सावलीसाठी निंब लावले, पाणपोई ठेवली, पाणपोईवर एक बडबडी म्हातारी बसवली. भिकुबाई मधेच म्हणाली, "म्हातारी नको. माले तिन्याशी बोलनं पडी." म्हातारी काढून टाकली. मुकटीच्या अलीकडे मात्र लिंबाचा उपाय चालेना. कंडक्टरनं गाडी थांबवली. भिकुबाई खाली उतरून ओकली, चूळ भरली. मागून एक बाई करवादली, "लवकर करा ना व, ऊन चढी राह्यनं."

"आमच्याकडे लवकर म्हणायची बंदी आहे," हेमलता म्हणाली. त्या बाईला काहीच कळलं नाही. पण भिकुबाईला कळलं. ओल्या चेहऱ्यानं ती परत पायरी चढली.

पारोळ्याला आबांच्या घरात पितरांच्या घागरी भिंतीशी ओळीनं मांडल्या होत्या. टोकाची नवी घागर कोरडीच होती. गोपाल तांब्या घेऊन वाकला होता. दारात भिकुबाईला पाहून तो तसाच थांबला.

आबा खुर्चीतून अर्धे उठले. थोरल्या दिरानं भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची जुनी रीत. लग्नापासून त्या दोघांचं सगळं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून झालेलं. आबा हेमलताकडे बघून म्हणाले, "तुन्ही मायले विचार, कसावर ऊनी? गाडी तं लागस तिले."

हेमलता तोंड उघडणार, तोच डोक्यावरचा पदर सावरत भिकुबाई स्वतःच बोलली.

"पूलवरथीन, आबा. त्यास्नी बांधेल व्हता."

आबा तिच्या साडीवरच्या ओल्या डागाकडे, मुठीतल्या चिरडलेल्या लिंबाकडे बघत राहिले. कोणता पूल, हे त्यांनी विचारलं नाही. घसा साफ करून एवढंच म्हणाले, "गोपाल, बाजूले सरक."

भिकुबाईनं घागर भरली. तांब्यामागून तांब्या, सावकाश, थेंबही न सांडता. वर डांगर ठेवून ते डुगडुगत नाही ना, हे पाहिलं, आणि घागर ओळीतल्या शेजारच्या घागरीच्या जरा जवळ सरकवली. मग भिंतीला टेकून ती तिथंच बसली. थोड्या वेळानं तिनं लेकीला खुणेनं जवळ बोलावलं.

"हेमा, परत जावाले बी तोच पूल शे ना व?"

हेमलतानं मान डोलावली.

"मंग ती म्हातारी ऱ्हाऊ दे पाणपोईवर," भिकुबाई म्हणाली. "एकटी बसस बिचारी."